लाभ अधिक बारा

आमच्या भागात कुणाचा हिशोब चुकला की जुनी माणसं अजून म्हणतात, "कारखान्याच्या मशीनवानी करू नगं बाबा." आणि हसतात. नव्या पोरांना हे बोलणं कुठून आलं ते ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, कारण ती मशीन मी चालवत होते. यात मी लपवलेलं असं काही नाही. त्या वर्षी कळंबच्या बाजारात मी वांगी निवडायला बसले तरी शेजारच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. लपवलेल्या लाजेला निदान घरात एखादा कोपरा तरी मिळतो. माझी भर बाजारात फिरत होती.

मी मशीनवर गेले ती टायपिंगच्या जोरावर. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. त्यांनी हट्टानं मला लातूरला टायपिंगला घातलं होतं, आणि त्या जोरावर मी साखर कारखान्यात पत्रं टाईप करायला लागले. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. चेअरमनसाहेब कुठंतरी कॉम्प्युटर बघून आले आणि म्हणाले, आपल्याकडंही पाहिजे. चालवणार कोण, तर "त्या बाईला टायपिंग येतं की." टायपिंग येतं म्हणजे कॉम्प्युटरही येणारच, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. मला तीन महिने सोलापूरला शिकायला धाडलं.

परत आले तर माझ्यासाठी काचेची खोली बांधून तयार. खोलीला एसी. पावसानं सलग दोन वर्षं तोंड फिरवलेलं, गावोगावच्या विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की भांडणं होत होती, आणि कारखान्यात मशीनला गरम होऊ नये म्हणून थंड हवा. आत जाताना साहेबांनीसुद्धा चपला बाहेर काढायच्या. ऊसतोडीच्या चिठ्ठीला, पगाराला आलेली माणसं काचेला नाक लावून मला बघत उभी राहायची. जत्रेतल्या पाळण्याजवळ राहतात तशी. मला त्या खोलीत बसायची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून रागही यायचा. राग माझ्या नाकावर जन्मापासूनच आहे. मी पडदा ओढून घ्यायची, मग साहेब म्हणायचे, "पडदा उघडा ठेवा, लोकांना बघू द्या."

एसीची नळी मागच्या भिंतीतून बाहेर काढली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडायचं. दिवसभरात अर्धी बादली व्हायची. त्या नळीखाली बायका आळीपाळीनं भांडं ठेवायच्या. त्यात माझी वहिनीही होती.

दादा माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. वडिलांच्या वाट्याला आलेल्या दीड एकरात त्यानं ऊस लावला होता, नाल्याकाठच्या विहिरीवर कसाबसा जगवलेला. कारखान्याची टायरगाडी आणि स्वतःची बैलजोडी त्याच्याकडं होती. हंगामात तो आणि वहिनी कारखान्याजवळच कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहायचे. स्वतःचा ऊस स्वतःच तोडून त्याच गाडीतून आणायचा, आणि उरलेल्या दिवसांत लोकांचा वाहायचा.

पण ऊस आपला असला तरी तोडायला कारखान्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठी मिळाली नाही तर ऊस उभ्या उभ्या वाळतो. आणि चिठ्ठी कुणाला आधी, ते आमच्या गटाचे संचालक ठरवायचे. उसाची लागण, म्हणजे लावणी, कुणाचीही आधी असो, तोड त्यांच्या सोयऱ्यांची आधी. दादा दरवर्षी त्यांच्या बंगल्याच्या पायरीखाली उभा राहायचा. कधी अर्धा दिवस, कधी दोन दिवस. परत आला की जेवायचा नाही. वडील त्याला म्हणायचे, "कशाला लाचारी करतो?" तो म्हणायचा, "तुमचा पगार दर महिन्याला येतोय. माझा ऊस तसा येत न्हाय."

मशीन आली ती हेच मोडायला. चेअरमनसाहेबांचं आणि त्या संचालकांचं पटत नव्हतं, हेही खरं. पण सभेत साहेबांनी जाहीर केलं, की यंदा चिठ्ठी लागणीच्या तारखेप्रमाणं निघणार, मशीन काढणार, कुणाचा वशिला चालणार नाही. त्या दिवशी दादा गावात ताठ मानेनं फिरला. पारावर, हॉटेलात, जो भेटेल त्याला सांगत होता, "आता कुणाच्या दारात हात जोडायचं काम न्हाय. माझी बहीण हाय मशीनवर. तिची मशीन म्होरं-मागं करत न्हाय." मी ते ऐकून लाजले, पण ती लाज वेगळी होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता मशीन काय करत होती ते सांगते. मोठा प्रोग्राम पुण्याच्या एका इंजिनिअरनं लिहून दिला होता. लागणीच्या तारखेप्रमाणं चिठ्ठ्या छापायचं काम त्याचं. पण रोज सकाळी मशीन सुरू झाली की आधी एक छोटा प्रोग्राम आपोआप चालायचा, तो माझा. दिवसाची मांडामांड तो करायचा. रोज किती गाड्या गाळता येतात तो आकडा घ्यायचा, गाडीतळावर, म्हणजे भरल्या गाड्या थांबतात त्या मैदानात, किती गाड्या आधीच उभ्या आहेत तो आकडा घ्यायचा, पहिल्यातून दुसरा वजा करायचा, आणि उरतील तेवढ्याच चिठ्ठ्या छापायला सांगायचा. तळ भरलेला असेल तर चिठ्ठ्या कमी, मोकळा असेल तर जास्त. शेंबड्या पोरालाही जमेल असं गणित.

हे आकडे मशीनमध्ये नाव घातलेल्या डब्यात राहतात. स्वयंपाकघरात डब्यावर 'साखर' लिहिलेलं असतं, आतली साखर कमी-जास्त होते, नाव तेच राहतं, तसं. फक्त मशीनचे डबे दोन जातींचे असतात. एक आकड्यांचा, एक अक्षरांचा. अक्षरांच्या डब्यात तुम्ही पाच ठेवले तर मशीनच्या लेखी ते पाच नसतात, पाच या आकड्याचं नुसतं चित्र असतं. त्यात तीन मिळवायला सांगितले तर आठ होत नाहीत. ती तीनचं चित्र शेजारी चिकटवते आणि त्रेपन्न करून देते. सोलापूरला आमच्याकडून हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं. अक्षरांचा डबा वापरला तर बेरजेआधी त्याचा आकडा करून घ्यायचा. त्यासाठी एकच शब्द लिहावा लागतो.

गाडीतळाच्या आकड्याला मी अक्षरांचा डबा केला होता. कारण सांगायलाही लाज वाटते. आकड्यांच्या डब्यात चुकून दुसरं काही गेलं की मशीन लगेच इंग्रजीत, पुन्हा पहिल्यापासून करा, असं दाखवायची. काचेपलीकडं माणसं उभी असायची. त्यांच्यासमोर मशीननं मला असं खडसावलेलं मला नको होतं. अक्षरांचा डबा मात्र काहीही मुकाट्यानं घेतो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीनची पूजा झाली. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकू बटनांच्या फटीत जाणार म्हणून मी आतल्या आत जळत होते. आमच्या घरात असलं काही नव्हतं. वडिलांनी छप्पन साली देव सोडले ते कायमचे. पण एक रीत तेही पाळायचे. ज्वारी मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आमच्याकडं सगळेच तसं मोजतात, कुठल्याही आळीतली माणसं असोत. देव सोडले तरी मापातला लाभ कुणी सोडत नाही.

तेवढ्यात सजवलेली पहिली गाडी तळावर आली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, लाभ आला!"

चेअरमनसाहेब माझ्याकडं वळले. "टाका मग. लाभ टाका."

"साहेब, तिथं आकडा टाकायचा असतो. एक."

"पहिल्या मापाला कुणी एक म्हणतंय व्हय? मशीन आपल्या कारखान्याची हाय न्हवं? मग तिला आपली रीत कळाया पाहिजे."

सगळे हसले. संचालक मंडळ खोलीत उभं, वडील काचेपलीकडं उभे. वडिलांनी मान हलवली. हो म्हणून हलवली का नको म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून मी इंग्रजीत लाभ लिहिलं, चार अक्षरं. डब्यानं मुकाट्यानं घेतलं. टाळ्या पडल्या. संध्याकाळी बदलून एक करू म्हटलं, पण संध्याकाळी पेढे होते, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. तळ मोकळाच होता. बरोबर चाललेल्या कामात हात कशाला घाला?

दोन-तीन महिने तळावर वाढ नव्हतीच, मग जानेवारीत नदीचं पाणी आटलं. कारखान्यालाही पाणी लागतं. रोज काही तास गाळप बंद पडायला लागलं. गाड्या यायच्या तेवढ्या यायच्या, गाळल्या जायच्या कमी. संध्याकाळी तळावरचा कारकून आजची वाढ सांगायचा, बारा गाड्या, अठरा गाड्या. मी ती टाकायची. माझा प्रोग्राम ती कालच्या आकड्यात मिळवायचा. आणि सकाळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पहिल्या दिवशी होता तेवढाच जाड निघायचा.

तळ भरला. मग रस्ता भरला. कारकून काचेवर टकटक करून म्हणाला, "बाई, गाड्या हुभ्या करायला जागा न्हाय. चिठ्ठ्या कमी काढा." मी त्याला काय उत्तर दिलं ते शब्द न शब्द आठवतं. म्हणाले, "चिठ्ठ्या मी काढत नाही. मशीन काढते." शेतकी अधिकारीही बिचकत होते. पण एकदा हातानं चिठ्ठी अडवली की उद्या संचालकांचा माणूस येऊन बसेल, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि शेतकऱ्यांनाही. गाडीवाले स्वतःच म्हणायचे, "मशीनला कुणी हात लावू नगा." मशीनवर त्यांचा जीव नव्हता. पायरीखाली उभं राहणं त्यांना पुन्हा नको होतं.

दादाची गाडी त्याच गर्दीत अडकली. स्वतःचा ऊस भरून आणलेला. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या खिडकीमागं कळशी घेऊन आली. नळीखाली कळशी ठेवून मला म्हणाली, "ताई, तुमच्या मशीनला घाम लई कमी येतोय. जरा जास्त कामाला लावा की तिला." ती हसत होती. ते पाणी ती बैलांना नेत होती.

मी म्हणाले, "वहिनी, मी शेतकी साहेबांना सांगते. दादाची गाडी पुढं घेतील."

"सांगू नगा. त्यांनी शपथ घातलीया. चार माणसांत बोललेत ना, बहिणीच्या मशीनवर वशिला चालत न्हाय म्हणून. आता गाडी म्होरं आली तर तोंड कुठं दावायचं?"

एवढं बोलून ती अर्धीसुद्धा न भरलेली कळशी घेऊन गेली. मी थंड हवेत बसून होते. माझ्या अंगावर स्वेटर होता. फेब्रुवारीतल्या त्या उन्हात अख्ख्या कारखान्यात स्वेटर घातलेली मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, दादाचा बैल बसला. मी चपला न घालताच धावले. बैल जुवाखालून सोडवून कडेला घेतलेला, मान टाकून पडलेला. दादा त्याच्या अंगावर ओलं पोतं टाकत होता. मला बघून गाडीवाल्यांनी वाट करून दिली.

"आली बघा मशीनवाली," एक जण म्हणाला. "बाई, मशीनला इचारा तेवढं, बैल कवा उठंल?"

लोक हसले. माझं तोंड उघडायच्या आत दादा उठून त्याच्या अंगावर गेला. "मशीनला नावं ठेवू नगंस! लाईन हाय तर हाय. मागच्या साली बंगल्याच्या पायरीखाली कोण हुभं व्हतं? तू आन् म्याच न्हवं?" मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "तू जा. उनात हुभी राहू नगंस. तुझी मशीन बरोबर हाय. गाळपच कमी चाललंय, तिचा काय दोष?"

त्यानं शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते, तो माझा स्वभावच. पण त्यानं विश्वास ठेवला होता, आणि मी तशीच मागं फिरले. परत येताना प्रत्येक पावलाला एकच विचार येत होता, की गाळप कमी चाललंय हेच तर मशीननं मोजायला हवं होतं.

खोलीत येऊन मी तळाच्या आकड्याचा डबा उघडला. त्या हंगामात पहिल्यांदाच. त्यात आकडा नव्हताच. आधी लाभ, त्याला चिकटून बारा, त्याला चिकटून अठरा, आणि मग रोजची वाढ एकापुढं एक चिकटत स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेली. मी बेरजेआधी आकडा करून घ्यायचा तो शब्दच लिहिला नव्हता. बेरीज झालीच नव्हती, नुसती माळ ओवली गेली होती. शेवटी वजाबाकीच्या वेळी मशीन त्या माळेचा आकडा करायला जायची, पण सुरुवातीलाच अक्षर दिसल्यावर तिच्या लेखी त्याची किंमत शून्य. म्हणजे मशीनच्या हिशोबी तळ महिनाभर रिकामा होता. पहिल्या दिवशी मी 'एक' टाकला असता तर त्याला बारा चिकटून एकशेबारा होऊन चूक लगेच दिसली असती. पुढं लाभ होता, म्हणून ती झाकली गेली.

तो शब्द लिहायला एक मिनिटही लागलं नाही. मग मी तशीच शेतकी अधिकाऱ्यांकडं गेले आणि त्यांच्यासोबत चेअरमनसाहेबांकडं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्या लाभानं झालं म्हणता?"

"नाही साहेब. माझ्या बेरजेनं झालं."

ते खरंच होतं. पण त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. तासाभरात तळावर भोंग्यातून घोषणा झाली, मशीनवरच्या बाईंकडून बेरीज चुकली, आजपासून दोन दिवस तोड बंद. भोंगा आसपासच्या वस्त्यांपर्यंत ऐकू जायचा. वडिलांनी तो शाळेत घंटेजवळ उभं राहून ऐकला.

नोकरी गेली नाही. कुणी रागावलंही नाही, आणि तेच मला जड गेलं. तळ मोकळा झाला. दादाचा बैल संध्याकाळी उठला, पण त्या हंगामात पुन्हा जुवाखाली आला नाही. ऊस वजनकाट्यावर वाळक्या कडब्यासारखा हलका भरला. रात्री कोपीत वहिनीनं मला जेवायला वाढलं. मी दादाला सगळं सांगितलं, डबे, माळ, लाभ, सगळं. त्याला कितपत कळलं कुणास ठाऊक. तो एवढंच म्हणाला, "चूक घावली न्हवं? दुरुस्त केलीस न्हवं? मग झालं की."

पण तसं झालं नाही. हंगाम संपल्यावर सभा भरली. आमच्या गटाचे संचालक उठून म्हणाले, "मशीनला मन न्हाय. बैल मरायला टेकलं तरी ती चिठ्ठी काढतीय. माणसाची नजर पाहिजे." आणि जी माणसं मशीनला हात लावू नका म्हणत होती, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्यांचा ऊस वाळला होता. एकटा दादा उभा राहून सांगत होता, की चूक बेरजेची होती, एकात बारा मिळवले की एकशेबारा व्हायचे तशी, ती निघाली, पण लाईन खरी होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बस खाली. बहिणीचा कळवळा आला व्हय?" तो बसला. ठराव झाला. मशीन पगारपत्रकाला ठेवली, चिठ्ठ्या पुन्हा गटाच्या संचालकांकडं गेल्या.

पुढच्या हंगामात एका सकाळी मला पगाराचे कागद सहीसाठी त्यांच्या बंगल्यावर न्यायला सांगितलं. फाटकातून आत शिरले तर पायरीखाली पाच-सहा माणसं उभी होती. चपला लांब काढलेल्या. दादा शेवटचा होता. संचालक ओसरीवर चहा पीत होते. त्यांचं लक्ष गेलं तसा दादा पुढं झाला. घरीदारी 'जय भीम' म्हणणारा माझा दादा वाकून म्हणाला, "रामराम मालक. तेवढं आमच्या उसाचं बघा. तुरे आलेत, वाळाया लागलाय."

मला परत फिरायचं होतं, पण संचालकांनी बघितलं.

"आरं, ही तुझीच बहीण न्हवं का? मशीनवाली?" ते म्हणाले. "मग माझ्याकडं कशाला आलास? तिलाच माग की चिठ्ठी. एक मागशील तर एकशेबारा देईल."

सगळी माणसं हसली. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. मालक हसताहेत म्हणून तोही हसला, आणि ते हसून होईपर्यंत त्यानं हात जोडलेलेच ठेवले.